कोठाराची किल्ली कुणाकडे?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथली पांढर उकरली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर सापडलं. त्याला जोडून धान्याचं कोठार होतं. अंगणात चार पायांचा मातीचा रांजण पुरलेला होता आणि त्यात मांडी घातलेल्या अवस्थेत एक पुरुष. तिथं प्रौढांना पुरताना घोट्याखाली पावलं तोडायची रीत होती. याची पावलं मात्र शाबूत. हा गावचा प्रमुख असणार आणि जमा झालेल्या धान्यावर त्याचा ताबा असणार, असं ढवळीकरांनी मांडलं. त्याला कुणी आणि कसं निवडलं, हे मातीतून कळायला मार्ग नाही. कोठार त्याच्या ताब्यात होतं, एवढ्यावरून तो ओळखू येतो.

नगरपालिका कायद्याचा अभ्यासक म्हणून मला यातली उलटापालट गमतीची वाटते. आपल्याकडे प्रमुख कसा निवडायचा यावर पन्नास वर्षं वाद झाला. कोठाराचा विषय सहसा कुणी काढत नाही.

इनामगावला ग्रामपंचायत आहे. नगराध्यक्ष निवडतात ते पलीकडे शिरूर आणि दौंडमध्ये. दोन्ही गावं ब्रिटिश काळात वाढली. शिरूर म्हणजे जुनं घोडनदी, लष्करी छावणीचं ठाणं. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला गेलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघाली होती. दौंड रेल्वे जंक्शनमुळे मोठं झालं. दोन्हीकडचं राजकारण पक्षांच्या चिन्हांपेक्षा स्थानिक आघाड्यांवर जास्त चाललं: शिरूरला शहर विकास आघाडी, दौंडला नागरिक हित संरक्षण मंडळ. शिरूरचं नगराध्यक्षपद माणिकचंद समूहाचे रसिकलाल धारीवाल यांनीही सांभाळलं होतं. पालिकेची तिजोरी रिकामी असली की स्वतःची तिजोरी भरलेला माणूस लोकांना जवळचा वाटतो. हे राज्यातल्या कितीतरी गावांत दिसतं.

निवडीच्या पद्धतीचा इतिहास असा. १९६५ च्या अधिनियमाने राज्यातल्या नगरपालिका एका कायद्याखाली आल्या. १९७४ साली नगराध्यक्ष पहिल्यांदा थेट जनतेतून निवडले गेले. पुढे ते पुन्हा नगरसेवकांतून येऊ लागले. २००१ साली विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना थेट निवड परत आली आणि २००६ च्या निवडणुकीआधी, त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत, गेली. २०१६ साली देवेंद्र फडणवीसांच्या सरकारने ती पुन्हा आणली. २०२० साली महाविकास आघाडीने काढून टाकली. तेव्हा नगरविकास मंत्री होते एकनाथ शिंदे. ३० जून २०२२ ला तेच शिंदे मुख्यमंत्री झाले आणि पंधरवड्याच्या आत थेट निवड परत लागू करण्याचा निर्णय झाला. सरपंचाच्या निवडीचं चक्रही २०१७ नंतर असंच फिरलं. म्हणजे नगराध्यक्षाशी संबंध नसलेल्या इनामगावकरांनाही हा झोका बसलाच.

इंग्लंडमध्ये २०१२ साली दहा शहरांना सार्वमतात विचारलं होतं, महापौर थेट निवडायचा का? नऊ शहरांनी नको म्हटलं. ब्रिस्टल तेवढं हो म्हणालं आणि दहा वर्षांनी दुसऱ्या सार्वमतात त्यानेच ते पद रद्द केलं. शिरूर-दौंडच्या मतदारांना असं कुणी विचारलेलं नाही.

दोन्ही पद्धतींची आपापली दुखणी आहेत. निवड नगरसेवकांतून होते तेव्हा निकालाच्या रात्रीच गाड्या निघतात. नगरसेवक सहलीला जातात, फोन बंद होतात, जिल्हाधिकाऱ्यांकडे गटाची नोंदणी होते आणि मतदानाच्या दिवशी सगळे थेट सभागृहाच्या दारात उतरतात. एखाद्या अपक्षाचा भाव वधारतो. अडीच वर्षांच्या पदाचे सव्वा-सव्वा वर्षाचे तुकडे पडतात. पहिल्याने वेळेवर राजीनामा दिला नाही की पुढचं वर्ष त्याच भांडणात जातं.

थेट निवडीत हा घोडेबाजार टळतो. ‘वर एकाला, खाली दुसऱ्याला’ ही मतदाराची खोड मात्र तिथं रंगात येते. दोन सदस्यांच्या प्रभागात मतदाराला तीन मतं असतात, दोन नगरसेवकांची आणि एक नगराध्यक्षाचं. तिसरं मत बऱ्याचदा वेगळ्या रागालोभाने पडतं. मग अध्यक्ष एका बाजूचा आणि बहुमत दुसऱ्या बाजूचं. सर्वसाधारण सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्यावरूनच तास जातो, आणि विषयपत्रिकेवरचा गटाराचा ठराव पुढच्या सभेवर ढकलला जातो.

त्यात आरक्षणाची सोडत. ६ ऑक्टोबर २०२५ ला मंत्रालयात राज्यातल्या २४७ नगरपरिषदांच्या अध्यक्षपदांच्या चिठ्ठ्या निघाल्या. अशा सोडतीत पद महिलेसाठी राखीव निघालं की वर्षभर चौकाचौकांत हात जोडून उभ्या असलेल्या इच्छुकाच्या फलकावर रातोरात सौभाग्यवतींचा फोटो चढतो. त्यातल्या काहीजणी पुढे कारभार खरोखर हातात घेतात. काहींच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची कायम मांडलेली असते.

आता कोठाराकडे वळू. पालिकेची हक्काची मोठी कमाई होती जकात. ती नगरपालिका क्षेत्रात १९९९ साली बंद झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आलं. उरली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. निवडणुकीच्या वर्षात घरपट्टीला हात लावायला कुणी धजत नाही. मोठी कामं शासनाच्या योजनांतून होतात आणि त्यांच्या मंजुरीची फाईल मुंबईला जाते. ठराव सभागृह करतं, अंमल शासनाने नेमलेला मुख्याधिकारी करतो, आणि जिल्हाधिकारी ठरावाला स्थगिती देऊ शकतात.

दौंडची कुरकुंभ मोरी घ्या. लोहमार्गाने गावाचे दोन भाग केले आहेत आणि त्याखालून जाणारी ही मोरी वर्षानुवर्षं प्रत्येक प्रचारसभेत गाजली. पण लोहमार्ग रेल्वेचा आणि मोठा निधी शासनाचा. नगराध्यक्षाने करायचं काय, तर पत्र लिहायचं, पाठपुरावा करायचा आणि आमदार-खासदारांच्या गाडीत बसून दिल्ली-मुंबई गाठायची. तो थेट निवडून आला असो वा सहलीवरून, पत्राचा कागद तोच.

कोठार खरं कुणाकडे आहे, ते २०२१ नंतर उघडच दिसलं. १४ डिसेंबर २०१६ ला मतदान झालेल्या पुणे जिल्ह्यातल्या पालिकांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात रेंगाळला. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. प्रत्यक्षात जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा माणूस एकच! तरी दिवे लागले, कचरा उचलला गेला, निविदा निघाल्या. अडलं ते नागरिकाचं. नळाला पाणी नाही म्हणून रात्री दहाला दार वाजवायचं तर कुणाचं?

६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. राज्य निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबरला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. मतदान २ डिसेंबरला ठरलं. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं आणि सगळी मोजणी २१ ला झाली.

आता पालिकांच्या दालनांत पुन्हा माणसं बसली आहेत. अर्थसंकल्पाच्या सभा होतील. कायद्याने पालिकेची सभा नागरिकांना खुली असते, तरी प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुधा रिकाम्याच राहतात. तिथं बसणाऱ्याने अर्थसंकल्पातली दोनच पानं मागून घ्यावीत: पालिकेचं स्वतःचं उत्पन्न आणि शासनाचं अनुदान. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले, की पाच वर्षांत आपला नगराध्यक्ष किती काम गावात बसून करणार आणि किती मंत्रालयाच्या पायऱ्या चढून, याचा अंदाज तिथंच येतो.