पूर्णेची पुरणपोळी

पूर्णा म्हटले की कुणाला वऱ्हाडातली नदी आठवते, कुणाला परभणीकडचे रेल्वे जंक्शन. मी सांगते आहे ती पूर्णा या दोन्हींहून वेगळी आणि ठाण्याच्या अगदी उंबऱ्याशी. बाळकुमावरून निघावे, कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडावी, काल्हेर मागे टाकावे, की भिवंडीच्या अलीकडे हे गाव लागते. तिथे काय पाहण्यासारखे आहे, असे तुम्ही विचाराल. नामांकित लेणी नाहीत, आणि हवापालटाला जावे अशी हवा तर नाहीच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्यांची गोदामे, त्यांपुढे मालमोटारींच्या रांगा आणि डोक्यावर मेट्रोचे खांब. मुंबईची जकात 2017 साली गेली. पण ती चुकवून शहराच्या वेशीबाहेर माल ठेवण्याची जी सोय इथे झाली होती, ती वाढतच राहिली. एके काळी जिथे भाताच्या लोंब्या डोलत, तिथे आता साऱ्या देशाचा माल मुक्कामाला असतो.

अशा गावी मी गेले, ती आमच्या नातीच्या पोटासाठी.

आमची छकुली नऊ वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिची वाढ एकाएकी खुंटली. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, चेहरा फिका. मुलीला अन्न लागत नाही असे आम्ही म्हणत होतो, आणि ते शब्दशः खरे निघाले. रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि नाव कळले – सीलिॲक. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. या रोगात ते पोटात गेले की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी आतली मऊ लव झडते आणि खाल्लेले अंगी लागेनासे होते. यावर औषध नाही. पथ्य एवढेच औषध, आणि तेही जन्मभराचे.

या रोगाचा गव्हाशी असलेला संबंध ओळखला डिके नावाच्या डच बालवैद्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात हॉलंडात अन्नाचे दुर्भिक्ष पडले. पाव मिळेना, तशी हा आजार असलेली मुले सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. गव्हाबद्दल त्यांना आधीपासूनच शंका होती. 1950 साली त्यांनी आपला प्रबंध लिहिला. एका देशाच्या उपासमारीतून दुसऱ्या देशातल्या लेकरांना जगण्याची वाट सापडली.

वाचून शहाणे होणे वेगळे आणि स्वयंपाकघरात शहाणे होणे वेगळे! आजारपणात आम्ही तिला काय देत होतो? तर मऊ भात आणि मेतकूट. आजी म्हणून मला केवढा अभिमान! आणि मेतकुटात मीच माझ्या हाताने मूठभर गहू भाजून घातलेला. रवा, मैदा, शेवया, दलिया हे सारे गव्हाचेच गोत, हे सहज कळले. पण थालीपिठाच्या भाजणीतले गहू, वड्यांच्या पिठातले गहू, सातूचे पीठ, हे हळूहळू ध्यानी आले. सर्वांत कहर केला तो हिंगाने. बाजारी डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात बहुधा मैदा मिसळलेला असतो. म्हणजे आमच्या वरणाच्या फोडणीतूनही गहू चालला होता! तेव्हापासून डबीवरची बारीक अक्षरे वाचल्याखेरीज मी काही घेत नाही. वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहायचे, तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. यावरून कणभर कणकेचे मोल ध्यानात यावे.

फराळाचे निभावले. चकलीच्या भाजणीत तांदूळ आणि डाळी असतात, गहू नसला तरी तिचे अडत नाही. अनारसे तांदळाचे, लाडू बेसनाचे, चिवडा पोह्यांचा. पहिला घाणा छकुलीचा काढायचा, आणि शंकरपाळ्यांनी बाटलेल्या तेलात तिचे काही तळायचे नाही, एवढा दंडक केला. पण पोरीचा जीव पुरणपोळीत. ज्वारीच्या पिठाची केली, ती लाटतानाच फाटली. तांदळाच्या पिठाची केली, तर पुरण तव्यावर आणि पारी पोळपाटावर! कणीक ताणली जाते ती त्या वैरी ग्लुटेनमुळेच. तोच काढून टाकल्यावर पोळीला धरून कोण ठेवणार? छकुली म्हणाली, “आजी, राहू दे. मला नाही आवडत आता.” तिचे ते समजूतदार खोटे मला फार लागले.

आमच्या शेजारच्या वहिनींचे माहेर पूर्णेचे, आगरी घर. त्या म्हणाल्या, “आमच्या आयला विचारा. जन्मभर तांदळाचीच भाकरी थापली तिने.” म्हणून दिवाळीआधीच्या रविवारी आम्ही दोघी त्यांच्याबरोबर निघालो.

गोदामांच्या मागे गेले की गाव भेटते. एका भिंतीला टेकून भाताचे एवढेसे खाचर उरले होते. कापणी नुकतीच झालेली, अंगणात पेंढ्यांचा वास. आय पंचाहत्तरीच्या पुढची, पण ताठ. छकुलीला जवळ ओढून म्हणाली, “भाकर खाशील ना गो पोरी?” आणि पिठाचा डबा उघडला.

मला विचारावेच लागले, “आय, पीठ कुठून दळून आणलंत?”

“गावच्या गिरणीतून. का गो बाय?”

त्या गिरणीत गहूही दळला जाई. नातवंडांच्या शाळेच्या डब्याला आता चपातीच लागते, असे वहिनींनीच वाटेत सांगितले होते. जात्याच्या पाळीत अडकलेली कणीक पुढच्या तांदळात उतरतेच. मी हात जोडून म्हटले, “हे पीठ तिला चालणार नाही.” पाहुण्याने अन्नाला नको म्हणावे, यासारखी दुसरी ओशाळवाणी गोष्ट नाही. वहिनी खाली पाहू लागल्या. आय क्षणभर गप्प राहिली. मला वाटले, आता ही म्हणणार, शहरातल्यांची थेरं!

तिने डब्याचे झाकण लावले आणि मुलाला हाक मारली. “माळ्यावरचं जातं काढ.”

घरात लग्न निघाले की हळदीपुरते ते जाते खाली यायचे. एरवी त्याला कोण विचारतो? त्याला घासूनपुसून घेतले. मूठभर तांदूळ आधी दळून टाकून दिले. मग घरच्या खाचरातले, धुऊन पंख्याखाली सुकवलेले तांदूळ आले. खुंट्याला एका बाजूने आयचा सुरकुतलेला हात आणि दुसऱ्या बाजूने छकुलीचा. दीड वर्षात प्रथमच ती पोर स्वतःचे अन्न कुणाला न विचारता हाताळीत होती.

डाळ शिजवून, गूळ घालून पुरण झाले. पीठ चाळून घेतले. मग आयने युक्ती दाखवली, ती तुम्हीही टिपून ठेवा. जितके पीठ तितकेच पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तेल. पाणी खळखळले की पीठ घालून ढवळायचे, आणि झाकण ठेवून वाफ आणायची. उकड सोसवेल इतकी गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने खूप मळायची. उकळत्या पाण्याने तांदळाचे सत्त्व फुलून चिकट होते आणि ग्लुटेनचे काम तेच करते. मोदकासारखी पारी करून पुरण भरायचे, तोंड मिटायचे, आणि केळीच्या पानावर बोटांनी अलगद थापायचे. लाटण्याला हात लावायचा नाही! पानासकट तव्यावर उलटे टाकायचे, आणि पान सुकले की ते सोडवून दुसरी बाजू भाजायची. तवाही आयने नवा, भाकरीसाठी आणून ठेवलेला काढला.

पोळी जाड झाली. कडेला एके ठिकाणी फुटलीसुद्धा. पण पुरण पोटातच राहिले. वर तूप पडले. छकुलीने पहिला घास घेण्यापूर्वी सवयीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मग तिने पुन्हा पाहिले नाही.

आय म्हणाली, “पूर्वी आमचे घरान गहू नव्हताच गो. सणाला यायचा. आता घरात गहू झाला आणि तांदूळ गोदामाखाली गेला.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गोदामांच्या भाड्यावर नातवंडे शिकली, हेही तिनेच सांगितले.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, मग त्याला गहू वर्ज्य असो, शेंगदाणा असो की दूध, त्यांना एवढेच सांगते – विचारायला लाजू नका. आणि ज्यांच्याकडे असे मूल पाहुणे येईल, त्यांनी विचारल्याचा राग मानू नये.

निघताना आयने जात्यावरचे उरलेले पीठ नव्या डब्यात बांधून दिले. आम्ही कुठेही गेलो तरी छकुलीचा डबा बरोबर असतो – लग्नाला, मुंजीला, शाळेच्या सहलीला. पूर्णेला जाताना मात्र तो आम्ही रिकामा नेतो.