चिठ्ठीवरची दोन अक्षरं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव लागता लागत नाही, पण त्यापुढची अक्षरं आम्ही औषधवाले झोपेतही वाचू. बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस. वाटतात इंग्रजी, आहेत लॅटिन. 'बिस दिए' म्हणजे दिवसातून दोनदा. 'टेर दिए सुमेंडुम' म्हणजे तीनदा घ्यायचं. माथ्यावरचा आरएक्स म्हणजे 'रेसिपे', 'घे'. ही आज्ञा पेशंटला नाही, औषध कालवणाऱ्याला आहे. आता कालवणं संपलं, गोळ्या पाकिटबंद येतात. आज्ञा मात्र चिठ्ठीवर तशीच.

या अक्षरांचा धाकही आहे. गोळीपुढे ओडी म्हणजे रोज एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तोच ओडी उजवा डोळा होतो. अमेरिकेत रोज एकदासाठी क्यूडी लिहीत. मधला ठिपका जरा लांबला की क्यूआयडी, म्हणजे चारदा. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या तिथल्या जॉइंट कमिशनने 2004 मध्ये क्यूडी वापरू नये अशा यादीत टाकला. आपल्याकडे 2016 मध्ये मेडिकल कौन्सिलने चिठ्ठी सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. अक्षर सुधारतं तेवढं सुधारलं. पण माझ्या मते खरी अडचण अक्षराच्या पुढे, काउंटरच्या अलीकडे सुरू होते.

एचएस घ्या. सगळे बेधडक 'रात्री एक' सांगतात. मुळात 'होरा सोम्नी'मध्ये रात्र कुठेच नाही, झोपायची वेळ आहे. सोसायटीचा वॉचमन सर्दीची गुंगी आणणारी गोळी न्यायला आला, तर त्याची झोप सकाळी ड्युटी सुटल्यावर. त्याला 'रात्री' म्हटलं तर तो गेटवरच पेंगणार. म्हणून मी आधी विचारतो, "दादा, झोपता कधी?"

थायरॉइडच्या गोळीचंही तेच. रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर. मावशी मान डोलावतात आणि चहाबरोबर घेतात, कारण चहा काय खाण्यात धरायचा? पाकिटावर 'उपाशीपोटी' लिहून भागत नाही, 'चहाच्याही आधी' असं लिहावं लागतं.

एसओएस तर लोकांना जहाज बुडतानाचा संदेश वाटतो. 'सी ओपुस सिट', लागली तर घ्या, इतकाच साधा अर्थ. पण ताप चढला तरी काहीजण ती गोळी अडीअडचणीला म्हणून जपून ठेवतात, तर काहीजण दुखलं की टाकली असं करतात. दोघांनाही आकडा हवा असतो: दोन गोळ्यांत किती तास, दिवसात जास्तीत जास्त किती. चिठ्ठीवर तो नसेल तर मी डॉक्टरांना फोन लावतो. गर्दीत मागचे कुरकुरतात, कुरकुरू देत.

संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. तिथे मी संक्षेप ठेवतच नाही. वार पेशंटकडूनच ठरवून घेतो आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहितो: फक्त गुरुवारी.