व्हर्जिलला स्वर्ग का नाही?

युरोपीय संघाला एक लिखित राज्यघटना असावी असा जो प्रयत्न या शतकाच्या आरंभी झाला, त्यात उद्देशिकेवरून बराच वाद झाला होता. मे २००३ च्या मसुद्यात युरोपच्या घडणीचे श्रेय ग्रीस व रोमच्या संस्कृतींना आणि अठराव्या शतकातील ज्ञानोदयाच्या तत्त्वचिंतनाला नावानिशी दिलेले होते. मधल्या दीर्घ कालखंडाची बोळवण 'आध्यात्मिक प्रेरणा' अशा मोघम शब्दांवर केलेली होती. ख्रिस्ती धर्माचे नाव कोठेच नव्हते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते नाव यावे असा आग्रह धरला, पोलंड आणि इटली यांनीही तो उचलून धरला, आणि फ्रान्सने धर्मनिरपेक्षतेच्या भूमिकेवरून विरोध केला. अखेर तोडगा निघाला तो असा, की कोणाचेच नाव नको. ग्रीस-रोम गेले, ज्ञानोदय गेला, उद्देशिकेच्या माथ्यावरचे थ्युसिडिडीझचे ग्रीक वचनही गेले. उरला तो केवळ सांस्कृतिक, धार्मिक व मानवतावादी वारसा. त्या करारावर २९ ऑक्टोबर २००४ रोजी रोममध्ये कॅपिटोलच्या टेकडीवरील ज्या दालनात सह्या झाल्या, त्याच्या भिंतींवर प्राचीन रोमच्या दंतकथा रंगवलेल्या आहेत आणि त्याच दालनात दहाव्या इनोसंट पोपचा भव्य पुतळा आहे. जे शब्दांत मावले नाही, ते त्या दालनात शेजारी शेजारी उभे होते. २००५ मध्ये फ्रान्स व नेदरलँड्सच्या मतदारांनी तो करार फेटाळला. वारशाविषयीचे शब्द मात्र २००९ पासून लागू झालेल्या लिस्बन करारात कायम राहिले.

हा वाद राजकारण्यांचा म्हणून सोडून देता येईल. परंतु आम्ही साहित्य शिकवणारी माणसे, आणि आमच्या अभ्यासक्रमांतूनही हीच वाटणी अबोलपणे चालू असते. इंग्रजीच्या वाटेने पाश्चात्त्य साहित्याकडे जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला अ‍ॅरिस्टॉटलचा शोकात्मिकेचा सिद्धान्त भेटतो, 'ईडिपस' भेटते, होमरची ओळख होते. बायबल भेटते ते मिल्टनच्या तळटीपांत. त्यामुळे साहित्य ते ग्रीकांचे, आणि धर्म हा त्यावर पुढे चढलेला एक थर, असे चित्र मनात तयार होते. शिकवायला ते सोयीचे आहे, परीक्षेला तर फारच सोयीचे. मूळ ग्रंथांपाशी गेले की मात्र ते टिकत नाही.

अथेन्सचा जेरुसलेमशी संबंध काय, असा प्रश्न इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने विचारला. प्रश्नामागची अपेक्षा उघड होती : काहीही संबंध नाही. गंमत अशी की हा प्रश्न ज्या धारदार लॅटिनमध्ये विचारला गेला, ती रोमन वक्तृत्वशास्त्राच्या शिक्षणाशिवाय हाती येणारी नव्हती. त्यानंतर पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी जेरोमला ज्वरात स्वप्न पडले. न्यायासनापुढे त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले, तेव्हा तो सिसेरोचा अनुयायी आहे, ख्रिस्ताचा नव्हे, असे त्याला सुनावण्यात आले. त्याने यापुढे असले ग्रंथ न वाचण्याची शपथ घेतली. ही कथा त्याने स्वतःच ३८४ मधील एका पत्रात सांगितली आहे. ती शपथ त्याने मोडली, असा आरोप त्याच्यावर पुढे त्याचा जुना मित्र रुफिनस यानेच केला. बायबलचे ज्याचे लॅटिन भाषांतर पुढे हजार वर्षे युरोपने वाचले, तो हाच जेरोम.

ऑगस्टीनचे प्रकरण अधिक हळवे आहे. शाळकरी वयात आपण 'ईनिड' वाचताना डायडोसाठी रडलो, प्रेमापायी मेलेल्या त्या राणीसाठी अश्रू ढाळले आणि ईश्वरापासून दुरावून मरणाऱ्या स्वतःच्या आत्म्यासाठी मात्र एक टिपूसही काढले नाही, याबद्दल तो 'कन्फेशन्स'मध्ये स्वतःला दोष देतो. हे प्रकरण वाचताना आम्हांला नेहमी वाटते, की ते रडणे तो विसरलेला नाही. ज्याला व्हर्जिल खरोखर नकोसा झाला, तो तिशी-चाळिशी उलटल्यावर डायडोचे नाव काढील कशाला?

हीच डायडो नऊशे वर्षांनी पुन्हा भेटते, आणि तीही कोठे, तर स्वर्गाच्या उंबरठ्यावर. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'त व्हर्जिल हा कवीचा वाटाड्या आहे. नरकातून आणि पर्गेटरीच्या पर्वतावरून तो दान्तेला हाताशी धरून नेतो. शिखरावर बिआट्रिस प्रकट होते. जुने प्रेम पुन्हा जागे झाल्याचे सांगण्यासाठी दान्ते व्हर्जिलकडे वळतो, आणि त्याच्या ओठी येतात ते 'ईनिड'मधील डायडोचे शब्द, इटालियन रूपात. पाहतो तो व्हर्जिल नाहीसा झालेला. दान्ते रडतो. बिआट्रिस त्याला त्याच्या नावाने हाक मारते (संपूर्ण काव्यात त्याचे नाव येते ते येथेच) आणि व्हर्जिल गेला म्हणून रडू नकोस, असे बजावते. ऑगस्टीनने ज्या अश्रूंचा पश्चात्ताप केला, तेच जणू येथे पुन्हा वाहतात. दान्ते निष्ठावंत ख्रिस्ती होता. तरीही ते अश्रू त्याने काव्यातून गाळले नाहीत.

वर्गात हा भाग झाला की विद्यार्थी हमखास विचारतात : व्हर्जिलचा गुन्हा कोणता? दान्तेचे उत्तर स्पष्ट आहे, गुन्हा काहीही नाही. तो ख्रिस्तापूर्वी जन्मला, त्याला बाप्तिस्मा मिळाला नाही, म्हणून तो लिंबोत आहे. तेथे यातना नाहीत. इच्छा आहे, पण आशा नाही. होमर तेथे आहे, अ‍ॅरिस्टॉटल आहे, शिवाय इब्न सिना, इब्न रश्द आणि सलाउद्दीनही आहेत. ग्रीक की ख्रिस्ती एवढ्याच दोन रकान्यांत युरोप मांडणाऱ्यांनी ही यादी अवश्य वाचावी. अ‍ॅरिस्टॉटल दान्तेच्या पिढीपर्यंत कोणाच्या भाष्यांसह पोहोचला, हे दान्तेला ठाऊक होते, आणि ते ऋण त्याने नावानिशी नोंदवले.

यापुढे तर तो अधिकच धाडस करतो. पर्गेटरीत रोमन कवी स्टेशियस भेटतो आणि आपण कवी झालो तो व्हर्जिलमुळे आणि ख्रिस्ती झालो तोही व्हर्जिलमुळेच, असे सांगतो. रात्री पाठीमागे दिवा धरून चालणाऱ्या माणसाची उपमा तो व्हर्जिलला देतो : स्वतःची वाट अंधारात, मागून येणाऱ्यांची उजळलेली. आणि स्वर्गात तर 'ईनिड'मधील रिफियस नावाचा एक किरकोळ ट्रोजन वीर आहे. व्हर्जिलने त्याचा केवळ ओझरता उल्लेख केला, सर्वांत न्यायी म्हणून. तेवढ्या प्रमाणपत्रावर ईश्वरी कृपेने तो तरला. व्हर्जिलने निर्मिलेले पात्र स्वर्गात आणि व्हर्जिल बाहेर! ही विसंगती दान्तेच्या नजरेतून सुटली असेल, असे आम्हांला वाटत नाही. त्याने ती मांडून ठेवली आहे.

याच ठिकाणी आम्हां भारतीय वाचकांना थबकावे लागते. रिफियसच्या आधीच्या सर्गात दान्तेच्या मनातील जुनी शंका एक गरुड बोलून दाखवतो. सिंधूच्या तीरावर एक माणूस जन्मतो. ख्रिस्ताविषयी सांगणारा वा लिहिणारा तेथे कोणी नाही. त्याचे आचरण आणि हेतू निर्दोष आहेत. बाप्तिस्म्याविना तो मरतो. मग त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कसला? गरुडाचे उत्तर समाधान करणारे नाही : वीतभर नजरेच्या माणसाने हजार मैलांवरचा निवाडा करू नये. मात्र तो लगेच असेही बजावतो, की ख्रिस्ताचे नाव सतत घेणारे पुष्कळ जण निवाड्याच्या दिवशी, त्याला न ओळखणाऱ्यांपेक्षाही दूर उभे असतील.

पाश्चात्त्य संस्कृतीचे मूळ कोणते, हा प्रश्न आम्हांला या सर्गापाशी आल्यावर अपुरा वाटू लागतो. मूळ म्हटले की मालकी आली, आणि मालकी आली की बाहेरचा कोण हे ठरवणे आले. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवतो, की होमर वाचताना उत्पत्तीचे पुस्तकही जवळ ठेवा आणि दान्ते वाचताना 'ईनिड'चा चौथा सर्ग. ज्यांनी या दोन्ही वारशांवर मनापासून प्रेम केले, त्यांना त्यांचा मेळ कधीच पुरता घालता आला नाही. जेरोम शपथा घेत राहिला, ऑगस्टीन आठवत राहिला. सातशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या एका कवीने, कधी न पाहिलेल्या सिंधूकाठच्या माणसासाठी आपल्याच धर्मापुढे प्रश्न ठेवला, उत्तर नम्रपणे स्वीकारले, आणि तरीही प्रश्न काव्यातून खोडला नाही.