खाऱ्या समुद्रातलं गोडं तळं

काल रात्री मुरूडहून जुन्या जालन्यात परतलो. राजापुरीहून शिडाच्या होडीत निघालो तेव्हा काठ घट्ट धरून बसलो होतो. जंजिरा किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत कलालबांगडी तोफेपाशी फोटोंसाठी झुंबड. मी मात्र गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी रेंगाळलो. हिरवट पाणी, दगडी काठ, आणि तटापलीकडे चहूकडे खारट समुद्र! १६७९ मध्ये शिवाजी महाराजांचं सैन्य आमच्या जालन्यापर्यंत आलं, पण हा किल्ला काही हाती लागला नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींचं संस्थान थेट १९४८ मध्ये विलीन झालं. तोफांइतकंच या पाण्यानंही किल्ल्याला तारलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

आज पहाटे जालन्यात जाग आली ती हंड्यांच्या आवाजानं. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं.