आरसा वर असताना

एसएलआर कॅमेऱ्याने खेळाचे फोटो काढणाऱ्याने आपण टिपलेला क्षण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नसतो. बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो, व्ह्यूफाइंडर काळा होतो, पडदा उघडून मिटतो, आरसा खाली येतो आणि मग मैदान पुन्हा दिसू लागतं. चढाईला आलेल्या पोराचा घोटा कोपरारक्षकाच्या हातात सापडताना अगदी स्वच्छ दिसला, तर समजायचं की तो फोटो हुकला. मधल्या काळोखात जे घडलं, तेच कार्डावर उतरलेलं असतं.

त्या काळोखात कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही. फोकस ठरवणारा सेन्सर कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेला असतो. मोठ्या आरशाचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो, त्यामागचा छोटा आरसा तो खाली वळवतो आणि त्यावरून समोरचा माणूस किती लांब आहे याची मोजणी चालते. मोठा आरसा वर गेला की छोटाही त्याच्याबरोबर दुमडतो आणि मोजणी थांबते. मग कॅमेरा आधीच्या मोजण्यांवरून हिशेब मांडतो: हा माणूस याच चालीने येत राहिला तर पडदा उघडेल तेव्हा कुठे पोहोचलेला असेल? लेन्सचा फोकस तो तिथे नेऊन ठेवतो. कॅनन या पद्धतीला एआय सर्व्हो म्हणतं, निकॉन एएफ-सी म्हणतं. भाकीत दोघांनाही करावंच लागतं.

कॅननने १९६५ साली पेलिक्स या कॅमेऱ्यात न हलणारा, अर्धपारदर्शक आरसा बसवून पाहिला. नव्वदच्या दशकात ईओएस-१एन आरएसमध्ये तोच प्रयोग पुन्हा केला आणि त्या काळात फिल्मवर सेकंदाला १० फ्रेम मिळवल्या. काळोख गेला, पण येणाऱ्या प्रकाशाचा एक वाटा कायमचा व्ह्यूफाइंडरकडे जाऊ लागला. ज्याला दिवेलागणीनंतर मांडवात काम करायचं आहे, त्याला हा सौदा परवडत नाही. हलणारा आरसाच टिकला, आणि त्याच्याबरोबर भाकितंही.

आता मिररलेस कॅमेरे आले आहेत, त्यात हलणारा आरसाच उरलेला नाही. पण त्यामुळेच दोन फार चांगले एसएलआर सेकंड हँड बाजारात गावाकडच्या पोरांच्या आवाक्यात आले: कॅननचा ७डी मार्क टू आणि निकॉनचा डी५००. पहिला सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झाला, दुसरा जानेवारी २०१६ मध्ये. छोट्या सेन्सरचे आणि धावत्या खेळांसाठीच बनवलेले हे दोन्ही कॅमेरे. मी दोन्ही वापरले आहेत, कबड्डीला आणि कुस्तीला, आणि दोन्हींबद्दल मला मनापासून आदर आहे. यातला कोणता घ्यावा, असं आमच्या सांगली-कोल्हापूरकडची पोरं अजूनही विचारतात.

विचारताना बहुतेकांच्या तोंडी पहिला आकडा येतो तो सेकंदाला किती फ्रेम हा. तो दोघांचाही १० आहे. एकाचा २०.२ मेगापिक्सेल, दुसऱ्याचा २०.९. शटर दोघांचंही दोन लाख क्लिकना तपासलेलं. इथे निवडण्यासारखं काही नाही. शिवाय १० फ्रेमवर जो भरवसा टाकला जातो, तो मला पटत नाही. एक साधा हिशेब करा. शटर १/१००० वर असेल तर दहा फ्रेम मिळून सेकंदाचा शंभरावा भाग कार्डावर येतो. उरलेले नव्व्याण्णव भाग कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसतात. पकड बसली तो क्षण या नव्व्याण्णवात जाण्याचीच शक्यता जास्त. बटण धरून ठेवलं म्हणजे काहीतरी हाताला लागेलच, या आशेवर बसणारा माणूस घरी जातो तेव्हा त्याच्याजवळ पकडीच्या आधीचे आणि पकडीच्या नंतरचे ढीगभर फोटो असतात.

खरी लढाई फोकसची. ७०-२०० ची लेन्स २०० वर, अॅपर्चर एफ २.८ आणि माणूस १० मीटरवर, एवढं धरलं तर या कॅमेऱ्यांवर जेवढी खोली स्पष्ट येते ती २५ ते ३० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर किंवा थोडी जास्त. टच करून मध्यरेषेकडे पळणारा चढाईपटू सेकंदाला ६ मीटर जरी गेला, तरी दोन फ्रेमच्या मधल्या वेळात तो ६० सेंटीमीटर सरकलेला असतो. प्रत्येक फ्रेमला तो त्या वीतभर पट्टीतून पार बाहेर गेलेला असतो आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याला त्याला नव्याने गाठावं लागतं. चढाईपटू सरळ पळाला असता तर कुठल्याही चांगल्या कॅमेऱ्याने गाठलं असतं. पण तो पळत नाही, तो हूल देतो. बोनस रेषेवर पाय टाकतो, अंग मागे घेतो, डावीकडे झुकून उजवीकडे लाथ मारतो. मध्येच एखादा रक्षक आडवा येतो आणि फोकस त्याच्या पाठीवर जाऊन बसतो.

कॅननने यासाठी मेनूत सहा केस दिल्या आहेत. प्रत्येक केस म्हणजे आतल्या तीन गोष्टींची वेगवेगळी जुळणी: मध्ये कोणी आलं तर लक्ष किती लवकर सोडायचं, वेग अचानक बदलला तर किती सावध राहायचं आणि फोकस एका पॉइंटवरून शेजारच्यावर किती चटकन न्यायचा. निकॉनमध्ये हेच काम मध्ये येणाऱ्याला किती दाद द्यायची याच्या पाच पायऱ्यांवर आणि खेळाडूची चाल संथ की अनियमित यावर सोपवलं आहे. निकॉनची मांडणी थोडक्यात आटोपते, कॅननची नवख्याला शिकवते. कॅननच्या मेनूत प्रत्येक केसखाली खेळाची छोटी चित्रं आहेत. त्यात कबड्डी नाही, पण फुटबॉलवरून अंदाज येतो.

दोघांतला मोठा फरक दिसतो तो फ्रेमच्या कडेला. ७डी मार्क टूमध्ये ६५ फोकस पॉइंट आहेत आणि सगळेच्या सगळे क्रॉस प्रकारचे, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे. डी५०० मध्ये १५३ पॉइंट, त्यातले ९९ क्रॉस, आणि आपल्याला हाताने निवडता येतात ते ५५. नुसत्या आकड्यांच्या तुलनेला फारसा अर्थ नाही. महत्त्वाचं हे की निकॉनने फुल फ्रेम डी५ साठी बनवलेली फोकसची यंत्रणाच या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात घातली. त्यामुळे पॉइंट डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापतात. कॅननचे पॉइंट त्या काळच्या मानाने पुष्कळ पसरलेले आहेत, तरी दोन्ही कडांना मोकळी पट्टी राहतेच.

कबड्डीत ही पट्टी फार महत्त्वाची. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मी अंतिम रेषेच्या कोपऱ्याबाहेर मांडी घालून बसतो. तिथून चढाईपटू समोरून येतो आणि रक्षकांची साखळी माझ्याकडे पाठ करून पसरलेली असते. चांगला फोटो हवा तर फ्रेममध्ये साखळीही यायला हवी, नाहीतर तो नुसता धावणाऱ्या माणसाचा फोटो होतो. म्हणजे चढाईपटू एका टोकाला, त्याच्याकडे सरकणारे हात दुसऱ्या टोकाला. चेहरा पार कडेला गेलेला असतो आणि फोकस तिथेच हवा असतो. डी५०० वर मी तिथला पॉइंट निवडून निश्चिंत बसू शकतो. ७डी मार्क टूवर फ्रेम सैल ठेवून नंतर कापावी लागते. २० मेगापिक्सेलमधला तिसरा हिस्सा कापला तरी वर्तमानपत्राच्या चार कॉलमला फोटो पुरून उरतो, त्यामुळे हे काही अडून बसण्यासारखं दुखणं नाही. पण फ्रेम जागेवरच बांधण्यात जो आनंद आहे, तो निकॉन देतो.

कुस्तीत हिशेब उलटा. कोल्हापूरच्या खासबागेत मोठ्या जोडीची कुस्ती लागेपर्यंत अंधार पडलेला असतो. दोघे मल्ल हौद्यात खडाखडी करत गोल फिरत राहतात, माझ्यापासूनचं अंतर फार बदलत नाही, आणि दोघे फ्रेमच्या मध्यावर असतात. इथे कडेच्या पॉइंटचं काम नाही. अडचण असते ती पाठीची. तेल, ताक, हळद घालून मळलेली लाल माती घामाने अंगाला लिंपली गेली की पाठ एकाच रंगाची, सपाट दिसते आणि फोकसला धरायला एकही रेघ सापडत नाही. मी पाठीवर नेमच धरत नाही. लंगोटाच्या काठावर धरतो. तिथे माती आणि कापड यांची रेघ असते, आणि ढाक किंवा कलाजंग बसणार असेल तर मल्लाची कंबरच सगळ्यांत आधी वळते. कंबर वळली की बटण दाबायचं, उचललेला दिसायची वाट बघायची नाही. अशा ठिकाणी कॅननचा मधला पॉइंट माझ्या मनाला निकॉनइतकाच खात्रीचा वाटतो. कागदावर निकॉनचा मधला पॉइंट कॅननपेक्षा एक स्टॉप कमी प्रकाशातही चालतो, पण हौद्यावर दिवे लागलेले असताना एवढ्या अंधारात कोणी उतरत नाही.

शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलबद्दल थोडक्यात: पाटाकडील आणि दिलबहारचा सामना दुपारच्या उन्हात असेल तर दोन्हींपैकी कुठलाही कॅमेरा उचला.

दिव्यांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेटल हॅलाइडचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/१००० च्या शटरला कळतं. एक फ्रेम उजळ, पुढची मळकट, तिसरी अर्धी पिवळी. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि गावोगावची मंडळं मॅटवर, रात्रीच्या सामन्यांकडे वळली, पण दूरदर्शनच्या तोलामोलाचे दिवे गावाला कुठून येणार? योगायोग असा की त्याच वर्षी आलेल्या ७डी मार्क टूमध्ये कॅननने पहिल्यांदा अँटी-फ्लिकर दिलं. कॅमेरा दिव्यांचा ठेका ओळखतो आणि प्रकाश शिखरावर असेल तेव्हाच पडदा उघडतो. वेग किंचित घटतो, पण दहाही फ्रेम सारख्या येतात. मंडळांच्या सामन्यांत काम करणाऱ्यांसाठी त्या दशकातली ही सर्वांत मोलाची सोय, असं मी म्हणेन. डी५०० मध्येही ती आहे. फक्त वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला की ५० चा ठेका डळमळतो आणि दोन्ही कॅमेरे अडखळतात. काही एलईडी फ्लडचा ठेका वेगळाच असतो, तिथेही हाच अनुभव.

बफरमध्ये निकॉन सरळ पुढे आहे. तो सलग २०० रॉ फ्रेम घेतो, कॅनन सुमारे ३१. चढाईपटू तीन-तीन रक्षकांना ओढत मध्यरेषेकडे हात लांबवतो, ती झटापट चार-पाच सेकंद चालू शकते. रॉमध्ये ३१ फ्रेम तिसऱ्या सेकंदालाच संपतात आणि बोटं रेषेला टेकतात तेव्हा कॅमेरा दमलेला असतो. वर्तमानपत्राला जेपेग पाठवणाऱ्याला हा त्रास होत नाही. जेपेगमध्ये कॅनन शेकड्यांनी फ्रेम घेतो.

आमच्या भागातला एक मुलगा आहे. स्वतः डावा कोपरा खेळायचा, गुडघा दुखावल्यावर कॅमेऱ्याकडे वळला. त्याच्यासमोर हेच दोन कॅमेरे होते. त्याच्या चुलतभावाचा लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे, त्याच्याकडची कॅननची ७०-२०० एफ २.८ लेन्स रात्रीच्या सामन्यांना मिळणार होती. निकॉन घेतला असता तर हातात उरलेल्या पैशांत एफ ५.६ ची लेन्स आली असती. मी त्याला ७डी मार्क टू घे म्हणालो.

“दादा, निकॉनचे पॉइंट कडेपर्यंत जातात म्हणता, मग मला कॅनन का?”

कारण एफ २.८ आणि एफ ५.६ यांत दोन स्टॉपचं अंतर आहे, म्हणजे चौपट प्रकाश. डी५०० चा सेन्सर चढ्या आयएसओला जास्त स्वच्छ आहे हे खरं, पण चौपट नाही. मांडवात १/१००० मिळवण्यासाठी जो प्रकाश लागतो तो आधी लेन्समधून आत यावा लागतो. तसाच एफ २.८ निकॉनमध्ये मिळत असता, तर कबड्डीसाठी मी डोळे झाकून डी५०० सांगितला असता.

घेताना काही गोष्टी बघायला सांगितल्या. निकॉन प्रत्येक फाइलमध्ये शटर किती वेळा उडालं त्याची नोंद ठेवतो. कॅननची फाइल ते सांगत नाही, वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावं लागतं, तेव्हा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. कॉम्पॅक्ट फ्लॅशचं कार्ड काढून आतल्या पिना टॉर्च लावून बघाव्यात. एक पिन वाकलेली असली तरी तो कप्पा मेला. आणि अँटी-फ्लिकर चालू करून ट्यूबलाइटखाली दहा फ्रेम काढून बघाव्यात.

कॅमेरा आल्यावर आम्ही दोघांनी तो लावला. शटरच्या बटणावरून फोकस काढून पाठीमागच्या एएफ-ऑनवर टाकला, म्हणजे मध्ये कोणी आलं तर अंगठा उचलता येतो. केस २ निवडली आणि ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी उणे दोनपर्यंत खाली आणली, कारण कबड्डीत आडवा येणारा माणूस हमखास येतोच. फ्रेम थोडी सैल ठेवायची, कडा नंतर कापायच्या. मग त्याने विचारलं, नजर कोणावर ठेवू, चढाईपटूवर? तो स्वतः कोपरा खेळलेला, त्यामुळे सांगणं सोपं होतं. फोकस चढाईपटूवर, पण नजर कोपऱ्याच्या खांद्यांवर. पकडीला झेपावण्याआधी खांदे खाली जातात, हे तुझ्या अंगाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खांदे खाली गेले, की दाब.