आपांच्या हातातला मोबाइल

आम्ही दोघंही शिक्षक. वसमतला राहतो. एक उर्दू शाळेत शिकवतो, दुसरी मराठी शाळेत. घरात आमच्यासोबत थोरल्या बहीण असतात, सगळे त्यांना आपा म्हणतात. दहावीनंतर त्यांची शाळा सुटली. घरात एकाच्याच फीची सोय होती आणि ती धाकट्या भावाच्या वाट्याला आली. आमच्या घरातल्या बी.एड.च्या प्रमाणपत्रामागे आपांच्या शिवणयंत्राचा आवाज आहे, हे आम्ही कधी विसरलो नाही. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

पंचेचाळिशी उलटल्यावर आपांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली. मग यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. १९८९ साली नाशिकला सुरू झालेल्या या विद्यापीठाचं ब्रीदच ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पाठ्यपुस्तकं हातात आली, रविवारी अभ्यासकेंद्रावर जाणं सुरू झालं. पण पाठ्यपुस्तकापलीकडचं काही वाचायचं तर काय करावं? नेहमीच्या कॉलेजातला मुलगा तास संपला की ग्रंथालयात जाऊन बसतो. आपांचं विद्यापीठ सुमारे ४०० किलोमीटरवर. एका पुस्तकासाठी नाशिक कोण गाठणार?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. आपांच्या खोलीत रजईखाली मोबाइलचा उजेड दिसला. आदल्याच आठवड्यात शाळेच्या पालकसभेत आम्ही मोबाइलच्या नादावर भाषण ठोकलं होतं. त्याच सुरात बोलून गेलो, “आपा, या वयात तुम्हीसुद्धा?” आपा काही बोलल्या नाहीत. मोबाइल आमच्या हातात दिला आणि कूस बदलून झोपल्या.

सकाळी चहाच्या वेळी ओट्यावर त्यांची वही पडलेली दिसली. बारीक अक्षरात सहा पानं भरली होती. विषय होता, श्रीगोंद्याचे शेख महंमद. मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिणारे मुसलमान संतकवी. आपांनी मोबाइलवर मराठी विश्वकोश उघडून, एकेक ओळ बोटाने वर सरकवत माहिती टिपून घेतली होती. शेवटचं वाक्य अर्धवट होतं. तिथेच आम्ही मोबाइल काढून घेतला होता.

आम्हा दोघांना एकमेकांकडे बघवेना. चहा तसाच गार झाला. शेवटी धीर करून विचारलं, “आपा, रात्री सांगितलं का नाही?”

“दिवसभर मोबाइल पोरांकडे असतो,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही मास्तर लोक. तुम्हाला काय सांगायचं?”

त्या दिवसापासून आम्ही आपांसोबत बसू लागलो, तेव्हा कळलं की मोबाइलमधलं ग्रंथालय वाटतं तितकं सोपं नाही. एका ग्रंथालयाची यादी उघडली, पण पुस्तक मात्र त्यांच्या आवारातल्या संगणकावरच वाचता येणार. दुसरीकडे पुस्तक मिळालं, पण पान न् पान फोटोसारखं स्कॅन केलेलं. अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि एवढी मोठी फाइल उतरवताना दिवसाचा डेटा संपतो. दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी फाइल हलकी हवी, अक्षर पडद्याच्या मापानं मांडलं जावं आणि घरून प्रवेश मिळावा. आणि अडलं तर विचारायला पलीकडे कुणीतरी माणूस हवा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ सालीच वाचकाचा वेळ वाचवणं हा ग्रंथालयाचा नियम ठरवला होता. रात्री अकराला वेळ मिळणाऱ्या बाईइतकी या नियमाची गरज कुणाला असेल?

तरी जे आहे तेही थोडं नाही. विश्वकोश मोफत वाचता येतो. आय.आय.टी. खरगपूरने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी २०१८ साली देशाला अर्पण झाली. तिथे विनामूल्य नोंदणी करता येते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं अभ्याससाहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर आहे. उर्दू पुस्तकांसाठी ‘रेख्ता’ आहे. आम्ही एक साधी पद्धत बसवली. शाळेतून आल्यावर हवी ती फाइल आमच्या मोबाइलवर उतरवायची, आपांच्या मोबाइलवर पाठवायची. मग त्या नेट बंद ठेवून निवांत वाचतात. ईशाच्या नमाजनंतर दोन तास मोबाइल फक्त आपांचा. मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली, आता तेच चार्जिंग करून ठेवतात.

आपांचा प्रकल्प पूर्ण झाला. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी संत नामदेवांचं नाव जोडलेलं आहे. आपांनी नामदेवांपासून शेख महंमदांपर्यंतची वाट पंधरा पानांत मांडली. आता शनिवारी दुपारी मोहल्ल्यातल्या तिघी जणी शिवणकाम घेऊन त्यांच्याकडे येतात. दोघींनी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. पुस्तक कसं शोधायचं, ते आपा त्यांना दाखवतात. आम्ही चहा करून देतो.

आपांचा निकाल अजून यायचा आहे. तो येईल तसा येवो. वाचकांना आमची एवढीच विनंती, आपल्या घरातही कुणी आपा, खाला किंवा भाभी असेल, जिची शाळा दुसऱ्या कुणासाठी सुटली. रात्री तिच्या हातात मोबाइल दिसला, तर रागावण्याआधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, काय वाचतेस?