खाडीच्या वाटेने अर्नाळा

ग्रीस देशाच्या बेटांची रंगीत छायाचित्रे अलीकडे आपल्या कुटुंबांतही हातोहात फिरू लागली आहेत. आखातात किंवा युरोपात नोकरीस असलेली मुले सुटीत तिकडे जातात, शिडाच्या नौकेतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हिंडतात आणि घरच्यांना चित्रे पाठवितात. पांढरी घरे, निळे घुमट, स्वच्छ वाळू. शिवाय प्रत्येक बेटाची आपली अशी कथा आहेच. देलोसवर म्हणे अपोलो जन्मला, इथाकाकडे परतण्यासाठी ओडिसियस वर्षानुवर्षे समुद्रावर भटकला, आणि पात्मोसवर संत योहानाला प्रकटीकरणाचे दर्शन घडले. चित्रे पाहून आम्हांस थोडा हेवा वाटला, हे खरेच. पण त्याहून अधिक एक प्रश्न मनात घोळत राहिला. आम्ही राहतो त्या भिवंडीहून कोणी होडीत बसले, तर त्याला कोणती बेटे लागतील आणि कोणत्या कथा ऐकू येतील?

भिवंडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे यंत्रमाग येतात, हल्ली गोदामे येतात. ह्या गावाला खाडी आहे, हे गावातल्याच पुष्कळांना ठाऊक नसते. वास्तविक पाहता ग्रीक लोक आपल्या ह्या पाण्याला फार पूर्वीपासून ओळखत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या ग्रंथात सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरे नावानिशी आली आहेत. त्या काळी कल्याणच्या व्यापारावर निर्बंध असून, तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहारा बसवून भडोचला नेली जात, असे तो लेखक सांगतो. कल्याण आमच्याच खाडीच्या वरच्या अंगाला आहे. तेव्हा ग्रीक खलाशी आमच्या पाण्यात येऊन गेले. आता आम्ही एकदा आमचेच पाणी पाहून यावे, असे ठरले.

गेल्या फेब्रुवारीत, प्रायश्चित्तकाळ लागण्यापूर्वी, आम्ही निघालो. आम्ही दोघे, आमची आई, शाळकरी पुतणी आणि शेजारचे चाचा. चाचा भिवंडीचे जुने कोकणी मुसलमान. त्यांचे पणजोबा भिवंडी बंदरातून भात, सुकी मासळी आणि लाकूड गलबताने मुंबईला नेत. नाखव्याचे हे रक्त चाचांच्या अंगात उतरले आहे, असे ते स्वतःच सांगतात. मात्र त्यांचे सारे आयुष्य मागाच्या खडखडाटात गेले. आई उत्तनच्या कोळीवाड्यातली. लग्न होऊन इकडे आल्यावर होडीत पाय ठेवण्याचा प्रसंग तिच्यावर क्वचितच आला. होडी नायगावच्या एका ओळखीच्या तांडेलाची. तिला इंजिन होते. तथापि वारा धार्जिणा असेल तेव्हा शीड लावण्याचे त्याने आनंदाने कबूल केले.

भांगाचे दिवस होते. सकाळी आठच्या सुमारास ओहोटी लागली आणि आम्ही काल्हेरजवळून निघालो. मतलई वारा पाठीशी होता. डाव्या हाताला ठाण्याच्या उंच इमारती, उजव्या हाताला आमच्या तालुक्याची खेडी, आणि दोन्ही काठांना तिवरांची हिरवी किनार. ती किनार ठिकठिकाणी तुटली आहे. रेती काढणाऱ्यांनी काठ असे पोखरले आहेत की काही जागी तिवरे मुळांसकट पाण्यात ओणवी पडलेली दिसली.

ह्याच पाण्यात मराठ्यांच्या आरमाराचा जन्म झाला. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच इथे लढाऊ जहाजे बांधावयास काढली. त्या कामावर वसईकडचे पोर्तुगीज कारागीर होते. त्यांचा प्रमुख रुय लैतांव व्हियेगस नावाचा. वसईच्या पोर्तुगीज कॅप्टनने निरोप धाडून त्यांना काम सोडावयास लावले आणि ती मंडळी निघून गेली. जहाजे तरीही झाली. चाचांना ही हकिकत फार आवडली. “कारागीर गेला तरी त्याचा हात बघितलेला पोरगा मागं राहतो,” ते म्हणाले. मागाच्या धंद्यातला त्यांचा अनुभवही हाच असावा.

इतक्यात पुतणीने ठाण्याकडे बोट करून विचारले, “चार रक्तसाक्षींना मारले ते इथेच ना? त्यांना कोणी मारले?” धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने ती कथा ऐकली होती. आईने आमच्याकडे पाहिले, आम्ही चाचांकडे पाहिले. “पुढे सांगू,” असे आम्ही म्हटले, आणि होडी पुढे गेली.

घोडबंदर मागे टाकले की डाव्या हाताला लांबवर जी जमीन दिसत राहते, ती सारी एका बेटाची आहे, हे रस्त्याने जाणाऱ्याला कधी कळत नाही. ठाणे, बोरिवली, वांद्रे हे सगळे साष्टी बेटावर वसले आहे. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी. पुलांनी त्याचे बेटपण पुसून टाकले आहे.

पाणजूचे बेटपण मात्र कोणी पुसलेले नाही. नायगाव आणि भाईंदर यांच्या मधोमध हे लहानसे बेट. रेल्वेचे पूल त्याच्या डोक्यावरून जातात, रात्रंदिवस गाड्या धावतात, पण गाडी तिथे थांबत नाही. पाणजूचा माणूस डॉक्टरकडे जावयाचा तर होडीने नायगावला येतो. फार घाई असली तर जीव मुठीत धरून पुलाच्या कडेने चालत येतो. त्यात आणखी एक विपरीत गोष्ट. गाडीतील भाविक प्रवासी खाडीत अर्पण करण्याकरिता निर्माल्य आणि नारळ दारातून भिरकावतात, आणि ते ह्या पायी चालणाऱ्यांना लागतात. त्यात माणसे जखमी झाली आहेत. श्रद्धा आपल्या जागी. पण धावत्या गाडीतून नारळ फेकणाऱ्याने खाली कोण आहे हे पाहू नये, याचा आम्हांस मनस्वी राग आला. आम्ही तासभर बेटावर उतरलो. एका घराच्या ओटीवर पाणी मिळाले, चहा मिळाला, आणि “रात्री बाळंतपण आले तर काय करता?” ह्या आईच्या प्रश्नावर घरच्या बाईने नुसतेच हसून खाडीकडे पाहिले.

पुढे खाडीचे मुख उघडते. उत्तरेस वसईचा किल्ला, दक्षिणेस धारावी बेटाची टेकडी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली, हे सर्वांना ठाऊकच आहे. २०२४ पासून वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली आहे, हे मात्र पाहून समाधान वाटले. माणसे पुन्हा पाण्यावरून जाऊ लागली. आईने धारावी बेटाकडे तोंड करून क्रूसाची खूण केली. पलीकडे उत्तन होते, समुद्रमातेचे चर्च होते.

रात्र वसईतील नातलगांकडे काढली. त्याविषयी अधिक लिहीत नाही. तिथल्या पाहुणचाराचे वर्णन ह्या पानांवर पुष्कळदा येऊन गेले आहे. वसईचेच सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जहाजाने जपानपर्यंत गेले, तिथे व्यापार केला, मग संन्यस्त झाले आणि १५९७ साली नागासाकीत क्रूसावर चढले, हे पुतणीने जेवताना आपण होऊन सांगितले. चाचांनी कौतुकाने ऐकले. कालच्या प्रश्नाचा विषय कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने उत्तरेस निघालो. भुईगावच्या किनाऱ्यावर १९५६ मध्ये सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच्या पूर्वेस सोपारा, एके काळचे थोर बंदर. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची बौद्ध कथा आम्हांस ग्रीकांच्या कोणत्याही कथेहून कमी वाटत नाही. पूर्ण भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदन आणावयास समुद्रावर गेला असता वादळात सापडला आणि त्याने पूर्णाचा धावा केला. पूर्णाने वादळ शमविले. वाचलेल्या चंदनाचा सोपाऱ्यात मंडप उभा राहिला आणि खुद्द गौतम बुद्ध तिथे आले, असे ती कथा सांगते.

दुपारच्या आत अर्नाळा बेट आले. वैतरणा नदीच्या मुखाशी असलेले हे बेट लहान, पण भरगच्च आहे. कोळ्यांची वस्ती, नारळी, वाळत घातलेली जाळी, किनाऱ्यावर कालिकामातेचे देऊळ. मराठ्यांनी १७३७ मध्ये हे बेट घेतले आणि बाजीरावांच्या काळात किल्ला नव्याने बांधला; दरवाजावर मराठी शिलालेख आहे. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ, त्यापुढे गोड्या पाण्याचे अष्टकोनी टाके, आणि त्याच तटाच्या आत शाह अली व हाजी अली यांचा दर्गा. लाटांनी बेटाचा काठ कसा खाल्ला ते गावकऱ्यांनी दाखविले.

चाचा दर्ग्यात जाऊन आले, टाक्याच्या पायरीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, “काल पोरीनं काहीतरी विचारलं होतं. मी होतो म्हणून थांबलात का?”

भिवंडीत १९७० आणि १९८४ साली जे घडले ते ज्यांनी पाहिले, त्यांना कोणती गोष्ट कोणासमोर काढावी याचा विचार करण्याची सवय लागते. १९८४ च्या मे महिन्यात आमच्या आईने चार रात्री चाचांच्या घरी काढल्या होत्या. अशा माणसासमोर गोष्ट अर्धी ठेवणे हे तिची मोडतोड करण्याइतकेच वाईट, असे आम्हांस वाटले. मग आम्ही ती सगळी सांगितली.

१३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू कोल्लमला निघाले होते. वारा फिरल्याने त्यांचे जहाज ठाण्याला लागले. थॉमस तोलेंतिनो, जेम्स, पीटर आणि दिमित्रियस. ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती; त्यांतील एका घरी ते उतरले. त्या घरच्या नवरा-बायकोचे भांडण काझीपुढे गेले, साक्षीसाठी ह्या परदेशी साधूंना बोलावणे आले, आणि साक्ष बाजूला राहून धर्माचा वाद सुरू झाला. त्यांना उन्हात उभे केले, जेम्सला आगीत लोटले. तो भाजला नाही.

ही कथा बहुधा इथे, आगीपाशी, संपविली जाते. पण नंतर ठाण्यात आलेल्या ओदोरिक ह्या धर्मबंधूने ती पुढेही लिहून ठेवली आहे. शहराचा मलिक घाबरला आणि त्याने त्यांना खाडी ओलांडून पलीकडच्या वस्तीत सुरक्षित पोहोचविले. तिथे एका मूर्तिपूजकाने, म्हणजे एखाद्या हिंदूनेच, त्यांना आपल्या घरात घेतले. पण काझी मलिकाच्या मागे लागला, मलिकाचे मन फिरले, आणि रात्री हत्यारबंद माणसे पाठवून तिघांना मारले. पीटर मागे ठाण्यातच राहिला होता. तो दोन दिवसांनी गेला. पुढे मलिकाला स्वप्नात ते दिसू लागले. ओदोरिक लिहितो की, भयभीत होऊन त्याने त्या चौघांच्या सन्मानार्थ चार मशिदी बांधविल्या आणि त्यांत मौलवी नेमले. तरी दिल्लीच्या सुलतानाने बोलावून घेऊन त्याला ठार केले.

“चार मशिदी?” चाचांनी पुन्हा विचारले. “पाद्रींसाठी?” थोडा वेळ ते गप्प राहिले. “काझीचं तोंड मोठं आणि मलिकचा कान हलका. असा मलिक आपण दोनदा बघितला.”

आई म्हणाली, “घर कोणी दिले, त्याचे नाव लिहिले नाही का त्या ओदोरिकने?”

नाही लिहिले, असे आम्ही सांगितले.

आता पुतणीला राहवेना. मग त्यांची हाडे कुठे गेली? ती जॉर्डन ह्या धर्मबंधूने सोपाऱ्यास, ह्या बेटापासून सुमारे तीन कोसांवर, संत थॉमसच्या चर्चमध्ये पुरली. नंतर ओदोरिकने ती उचलून चीनपर्यंत नेली. वाटेत समुद्रावर वारा पडला. जहाजावरच्या हिंदूंनी आपल्या देवाची प्रार्थना केली, मुसलमानांनी आपली केली, ओदोरिकनेही केली. वारा आला नाही. तेव्हा त्याने गुपचूप एक हाड नोकराकरवी नाळेवरून पाण्यात सोडले आणि शीड भरले. थॉमस तोलेंतिनो यांना १८९४ साली पोप लिओ तेरावे यांनी धन्य म्हणून मान्यता दिली.

“हाडाने वारा येतो?” पुतणीने तांडेलाला विचारले.

“तीन-तीन देवांना हाक मारल्यावर उशिरा का होईना येणारच,” तांडेल म्हणाला. “आता उठा. भरती लागली आहे आणि वायव्येचा सुटला आहे. आईंना आधी चढवा.”

चाचांनी चपला हातात घेतल्या, गुडघाभर पाण्यात उतरून होडीची कड धरली आणि आईला हात दिला. मग ते स्वतः सुकाणूजवळ तांडेलाच्या शेजारी जाऊन बसले आणि आपल्या पणजोबांचे गलबत वसईच्या मुखाशी कसे अडकले होते, ते त्याला पहिल्यापासून सांगू लागले.